खांब उरले, फळ्या गेल्या : आल्प्सच्या सरोवरांवरील लाकडी वाटा

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला प्राणवायू लागतो आणि सरोवराच्या तळच्या गाळात तो जवळजवळ पोचत नाही. म्हणून गाळात रुतलेला खांब हजारो वर्षे टिकतो, तर त्याच खांबाचा पाण्याच्या पातळीपाशी येणारा, कधी ओला तर कधी कोरडा राहणारा भाग काही दशकांतच खंगतो आणि तिथेच मोडतो. या साध्या कारणामुळे सरोवरांवरील लाकडी वाटांच्या इतिहासाला एक चमत्कारिक रूप आले आहे. आल्प्स पर्वताच्या सभोवती, म्हणजे स्वित्झर्लंड, दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया, उत्तर इटली, पूर्व फ्रान्स आणि स्लोव्हेनिया या पट्ट्यातल्या सरोवरांमध्ये, अशा वाटांचे आणि वस्त्यांचे खांब प्रचंड संख्येने उरले आहेत. पण ज्या फळ्यांवरून माणसे प्रत्यक्ष चालली त्या बहुतेक ठिकाणी नाहीशा झाल्या आहेत. संशोधकांना पाय सापडले, पाठ सापडली नाही, आणि गेल्या सुमारे एकशे सत्तर वर्षांत या विषयावर जे वाद झाले त्यांतले बरेचसे या हरवलेल्या पाठीची कल्पना कोणी कशी केली यावरूनच झाले.

या अभ्यासाचा आरंभ मात्र विद्वत्तेच्या पोटी झाला नाही, तो काठावरच्या जमिनीच्या हव्यासातून झाला. १८५३-५४ च्या हिवाळ्यात झुरिक सरोवराची पातळी नेहमीपेक्षा बरीच खाली गेली, तेव्हा माइलेन या गावाजवळच्या ओबरमाइलेन येथे काठावरच्या काही मालकांनी संधी साधून उघड्या पडलेल्या तळावर भिंती घातल्या आणि भिंतीमागे सरोवरातलाच गाळ टाकून आपली आवारे पाण्याच्या दिशेने पुढे वाढवण्याचे काम हाती घेतले. या सरोवराच्या काठी असे भराव घालण्याचा प्रघात जुनाच होता. गाळ उपसताना काळपट मातीत रांगेने उभे असलेले लाकडी खुंट, दगडी कुऱ्हाडी, हरणाच्या शिंगाची अवजारे आणि खापरे निघू लागली. गावचे शिक्षक योहानेस एप्ली यांनी त्यांचे मोल ओळखून झुरिकच्या पुरातत्त्व मंडळाला कळवले, आणि मंडळाचे अध्यक्ष फर्डिनांड केलर स्वतः पाहणीला आले. केलर यांनी १८५४ मध्येच आपला अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यात एक ठाम सिद्धान्त मांडला : प्राचीन लोक काठापासून आत, उथळ पाण्यात, शेकडो खांब रोवून त्यांवर एकच विस्तीर्ण लाकडी मंच घालत, त्या मंचावर झोपड्या बांधत आणि एका अरुंद पुलाने काठाशी संबंध ठेवत.

हा मंच केलर यांनी पाहिलेला नव्हता. त्यांच्यापुढे होते ते फक्त खुंट, आणि मंचाचे चित्र त्यांनी दोन ठिकाणांहून उसने घेतले. पहिले ठिकाण हेरोडोटस. इराणचा सम्राट दारयवहू याचा सेनापती मेगाबाझस याच्या थ्रेसमधल्या मोहिमेची हकीकत सांगताना या ग्रीक इतिहासकाराने प्रासियास सरोवरातल्या लोकांचे वर्णन दिले आहे : उंच खांबांवर फळ्यांचा मंच, काठाकडे जाणारा एकच निमुळता पूल, प्रत्येक झोपडीत थेट पाण्यात उघडणारे झडपेचे दार, आणि लहान मूल घरंगळून पाण्यात पडू नये म्हणून त्याच्या पायाला बांधलेली दोरी. पूर्वी खांब साऱ्या गावाने मिळून रोवले, पुढे मात्र पुरुषाने जितक्या बायका कराव्यात त्या प्रत्येकीमागे ऑर्बेलस डोंगरावरून तीन खांब आणून रोवावेत असा नियम झाला, असेही हेरोडोटस सांगतो. या मजेदार तपशिलात बांधकामाच्या दृष्टीने एक मार्मिक गोष्ट दडलेली आहे, ती अशी की मंचाची डागडुजी आणि विस्तार ही अखंड चालणारी, वाटून घेतलेली जबाबदारी होती. दुसरे ठिकाण त्या मानाने फार जवळच्या काळातले होते : फ्रेंच नौकानायक ड्युमाँ द्युर्व्हिल याच्या सफरीत न्यू गिनीतल्या डोरेई येथील पाण्यावरच्या घरांची चित्रे काढली गेली होती, आणि केलर यांच्या अहवालातले काल्पनिक चित्र त्यांच्याशी उघड नाते सांगते. आल्प्समधल्या पाषाणयुगाला अशा रीतीने दक्षिण समुद्रातले छप्पर मिळाले.

चित्र लोकांना विलक्षण भावले. १८४८ मध्येच नव्या संघराज्याची घटना स्वीकारलेल्या, चार भाषांच्या आणि दोन पंथांच्या स्वित्झर्लंडला सर्वांचे म्हणता येतील असे पूर्वज हवेच होते. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात या वस्त्यांतल्या वस्तू मांडल्या गेल्या, आल्बर्ट आंकर या चित्रकाराने १८७३ मध्ये मांडीवर मूल घेऊन बसलेली सरोवरवासिनी रंगवली, आणि पुढे जुरा पर्वताच्या पायथ्याशी पूरनियंत्रणासाठी नद्यांचे प्रवाह वळवले तेव्हा नोशातेल आणि बिएल या सरोवरांची पातळी खाली जाऊन उघड्या पडलेल्या खुंटांवर संग्राहकांनी झडप घातली.

मंचाला पहिला मोठा धक्का विसाव्या शतकात बसला. हान्स राइनर्थ यांनी १९२९-३० मध्ये कॉन्स्टन्स सरोवरातील सिप्लिंगेन येथे पाण्यात लाकडी कोठी उतरवून, म्हणजे चारी बाजूंनी बंदिस्त चौकट घालून आतले पाणी उपसून, कोरड्यात उत्खनन केले आणि घरे पाण्यात नसून काठावर, पण पुराच्या भीतीने उंचावर बांधली होती असे प्रतिपादन केले. ऑस्कर पारेट यांनी १९४० च्या दशकात त्याही पुढे जाऊन ही सारी घरे कोरड्या जमिनीवरचीच होती, पाणी नंतर चढले, असे म्हटले. आणि केलर यांच्या अहवालाला शंभर वर्षे होत असतानाच झुरिकच्या एमिल फोग्ट यांनी त्या मताला दुजोरा दिला. वाद इतका टोकाला गेला की काही काळ सरोवरावर लाकडी रचना असणेच मुळी अशक्य ठरते की काय असे वाटू लागले. तोल सावरला तो इटलीतल्या फियावे या ठिकाणाने, जिथे रेनातो पेरिनी यांनी १९६९ पासून केलेल्या उत्खननात काठावरची घरे मिळालीच, शिवाय नऊ-दहा मीटर लांबीचे, खरोखर पाण्यात उभे केलेले खांबही मिळाले. आता असे मानले जाते की एका सरोवरापुढे एक उत्तर नव्हते : कुठे घर ओल्या जमिनीवर टेकलेले होते, कुठे हातभर उचललेले, कुठे पाण्यावर, आणि कधी एकाच जागी काही पिढ्यांच्या अंतराने तिन्ही प्रकार होऊन गेले.

या गोंधळाचे मूळ सरोवराच्या स्वभावात आहे. कॉन्स्टन्स सरोवर आजही नैसर्गिकरीत्या वर-खाली होते. हिवाळ्यात डोंगरातले पाणी बर्फ होऊन अडकते तेव्हा ते उतरते, उन्हाळ्याच्या आरंभी बर्फ वितळले की फुगते, आणि या दोन टोकांमधले अंतर सामान्यतः दीड ते दोन मीटरपर्यंत जाते. उतार अगदी मंद असलेल्या काठावर एवढ्याने किनारा कित्येक पावले मागे-पुढे सरकतो, त्यामुळे काठ ही एक रेषा नसून ऋतूप्रमाणे रुंद-अरुंद होणारा पट्टा ठरतो. त्या पट्ट्यावर जमीन असते पण पाय ठरत नाही, पाणी असते पण होडी तरत नाही. फळ्यांच्या वाटेची गरज खरी तिथेच उत्पन्न होते.

तिथला तळही फसवा. आल्प्सच्या सरोवरांच्या उथळ भागात चुन्याचे बारीक कण साठून पांढरट, लोण्यासारखा मऊ थर तयार होतो, त्याला सरोवरी चुना म्हणता येईल. या थरात खांब ठोकावा लागत नाही. प्रायोगिक पुरातत्त्वात, म्हणजे प्राचीन कृती त्याच साधनांनी करून पाहण्याच्या पद्धतीत, असे दिसून आले की टोक काढलेल्या खांबाला आडवा दांडा बांधून दोघातिघांनी तो डोलवत आणि फिरवत राहिले तर खांब स्वतःच्या वजनाने खाली उतरत जातो. मात्र जो सहज उतरतो तो भार आल्यावर आणखीही उतरतो. यावर ताम्रपाषाण आणि कांस्ययुगातल्या सुतारांनी काढलेला तोडगा झुरिकजवळच्या ग्राइफेनसे-ब्योशेन या इ.स.पूर्व अकराव्या शतकातल्या वस्तीत स्पष्ट पाहायला मिळतो. जाड फळीच्या मधोमध भोक पाडून ती खांबात ओवलेली असते आणि तळावर आडवी टेकलेली असते, त्यामुळे खांबाचे टोक चुन्यात गेले तरी भार फळीच्या रुंदीवर पसरतो आणि खांब आणखी रुतत नाही. जर्मन भाषेतल्या अभ्यासकांनी या फळीला खांबाचा जोडा असे समर्पक नाव दिले आहे. गाळातून बाहेर काढलेल्या खांबांच्या टोकांवर कुऱ्हाडीचे घाव आजही पैलूंसारखे उमटलेले दिसतात. दगडी कुऱ्हाडीचा घाव आखूड आणि खोलगट, कांस्याचा लांब आणि सपाट, इतका फरक हाताने चाचपूनही कळतो.

याच खांबांनी कालगणनाही पुरवली. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते, अनुकूल वर्षाचे रुंद आणि दुष्काळी वर्षाचे अरुंद. या रुंद-अरुंद क्रमाची तुलना करून लाकूड कोणत्या वर्षी तोडले हे ठरवण्याच्या शास्त्राला वृक्षवलयकालमापन म्हणतात. खांबावर साल शिल्लक असेल तर शेवटचे वलय हाती लागते आणि तोडीचे वर्षच नव्हे, ऋतूदेखील सांगता येतो. स्वित्झर्लंडच्या बाजूला कॉन्स्टन्स सरोवराकाठी असलेल्या आर्बोन-ब्लाइखे या वस्तीचे घरवार बांधकाम या पद्धतीने उलगडले आहे : पहिली घरे इ.स.पूर्व ३३८४ मधली, आणि इ.स.पूर्व ३३७० मध्ये आग लागून सारे संपले. पंधरा वर्षांचे गाव. अनेक सरोवरवस्त्यांचे आयुष्य असेच दहा-वीस वर्षांचे होते आणि तेवढ्या काळातही मूळ खांबाशेजारी आधाराचे नवे खांब रोवलेले सापडतात. नोशातेल सरोवराच्या काठी कोन्सीज येथे पक्क्या जमिनीवरून वस्तीकडे जाणाऱ्या खांबांच्या वाटा एकामागून एक घातल्याचे दिसते. वाट मोडली की तिचे पुनरुज्जीवन करण्याऐवजी शेजारी दुसरी टाकणे त्यांना सोयीचे वाटत असावे.

फळ्यांसकट वाट हाती लागण्याचे भाग्य सरोवरापेक्षा दलदलीच्या वाट्याला अधिक आले, कारण दलदलीत वनस्पतींच्या अर्धवट कुजलेल्या अवशेषांचा थर, म्हणजे पीट, वर्षानुवर्षे वर चढत जातो आणि फळ्यांना पोटात घेतो. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात १९७० मध्ये पीट खोदताना रे स्वीट या कामगाराला सापडलेली आणि त्याच्याच नावाने ओळखली जाणारी वाट हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. गुणाकाराच्या चिन्हासारख्या तिरप्या मेखांच्या जोड्या आणि त्यांच्या बेचक्यात टेकवलेली ओकची एकेरी फळी एवढीच तिची रचना. लांबी जवळजवळ दोन किलोमीटर, बांधणी इ.स.पूर्व ३८०७ किंवा ३८०६ मधली, आणि वापर जेमतेम दहाएक वर्षे. एका वेळी एकच माणूस जाऊ शकेल अशी ही वाट पाहिली की केलर यांच्या भव्य मंचापेक्षा प्राचीन बांधकामाची खरी मापे किती काटकसरीची होती हे ध्यानात येते.

मात्र एकाच जागी, हजारो वर्षे, वाटेमागून वाट घालण्याचे सर्वांत लक्षणीय उदाहरण झुरिक सरोवराच्याच वरच्या टोकाला आहे. रापर्सविल हे उत्तर काठावरचे शहर आणि समोरून आलेली हुर्डेनची जिभेसारखी भूमी यांच्यामध्ये सरोवर अरुंद आणि उथळ होते, कारण हिमनदीने मागे टाकलेल्या दगडमातीचा बांध तिथे पाण्याखाली आडवा पसरला आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी येथे शोधून काढलेल्या खांबांपैकी सर्वांत जुने इ.स.पूर्व सोळाव्या शतकाच्या अखेरचे ठरले, आणि त्यानंतर रोमन काळापर्यंत ओलांडणीच्या वाटा पुनःपुन्हा बांधल्या गेल्याचे दिसून आले. मध्ययुगात ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याने रापर्सविल ताब्यात घेतले, आणि ड्यूक रुडॉल्फ चौथा याने १३५८ ते १३६० या काळात तिथे सुमारे दीड किलोमीटर लांबीचा लाकडी पूल घातला. आल्प्सच्या खिंडींकडे जाणारा व्यापार आपल्या शहरातून वळवून जकात वसूल करावी हा हेतू होताच, पण पुलाची कीर्ती झाली ती यात्रेकरूंमुळे. आइनसीडेल्नच्या मठातल्या मेरीच्या मूर्तीच्या दर्शनाला आणि तिथून पुढे स्पेनमधल्या सान्तियागोला जाणारे भाविक याच वाटेने जात. रापर्सविलच्या टोकाला १५५१ मध्ये बांधलेले छोटे दगडी प्रार्थनागृह आजही पाण्यात उभे आहे.

या पुलाला कठडे नव्हते आणि त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, तुळयांवर नुसत्या मांडलेल्या होत्या. आजच्या वाचकाला हा निष्काळजीपणा वाटेल, परंतु त्यामागे हिशोब होता. वादळात लाट खालून आदळली किंवा वारा फळ्यांखाली शिरला तर ठोकलेली पाठ सबंध चौकटीला ओढून घेऊन जाते, तर सुटी फळी एकटी उडते आणि खालचे खांब वाचतात. दुसऱ्या दिवशी फळ्या गोळा करून पुन्हा मांडल्या की रस्ता सुरू. कोकणातला साकव दर पावसाळ्यानंतर नव्याने घातला जातो, त्याच जातीची ही व्यवस्था होती, फक्त ती दीड किलोमीटर लांब आणि पाचशे वर्षे चाललेली होती. मध्ये युद्धांत पूल जाळला-मोडला गेला, बर्फाने खांब उखडले, आणि तरीही प्रत्येक वेळी तो उभा राहिला, कारण त्याचा कोणताही एक भाग अपरिहार्य नव्हता. १८७८ मध्ये रेल्वे आणि गाडीरस्ता दोन्ही वाहून नेणारा दगडमातीचा बांध पूर्ण झाला तेव्हा या पुलाचे प्रयोजन संपले.

बांध, भराव आणि दगडी धक्का या एकोणिसाव्या शतकाच्या आवडी होत्या, आणि त्यांच्यामागे काठाविषयीची वेगळीच कल्पना होती : काठ ही एकदाची आखून टाकायची रेषा. झुरिकचे नगर अभियंता आर्नोल्ड बुर्कली यांनी १८८१ ते १८८७ या काळात शहरापुढच्या पाण्यात भराव घालून वृक्षराजीचे प्रशस्त विहारपथ तयार केले, आणि तोवर खासगी बागांमागे दडलेले सरोवर शहराला प्रथमच मोकळेपणी दिसू लागले. या कामगिरीचे श्रेय निःसंशय मोठे आहे. त्या विहारपथांचे उद्घाटन १८८७ च्या जुलैच्या आरंभी झाले, आणि त्याच आठवड्यात, ५ जुलैला, शेजारच्या झुग शहरात नव्या धक्क्याचे काम चालू असताना काठच पाण्यात गेला. दुपारी एक आणि संध्याकाळी दुसरा असे दोन टप्प्यांत भूभाग घसरले. पस्तीस इमारती नष्ट झाल्या, अकरा माणसे मेली आणि शेकडो बेघर झाली. भूगर्भशास्त्रज्ञ आल्बर्ट हाइम यांनी अन्य दोघांसह या दुर्घटनेचा अभ्यास केला, आणि त्या दोघांपैकी एक स्वतः बुर्कली होते. शहराखाली पाण्याने गच्च भरलेली बारीक वाळू आणि गाळ होता. वर चढवलेला भार आणि खांब ठोकताना बसणारे हादरे यांनी त्या थराची पकड सुटली आणि तो दाट द्रवासारखा सरोवराच्या खोलीकडे वाहू लागला, असा उलगडा झाला. झुगला हा अनुभव नवा नव्हता, १४३५ मध्येही तिथली एक आळी अशीच बुडाली होती. कांस्ययुगातला सुतार ज्या तळाला विचारून खांबाला जोडा घालत होता, त्या तळाला विचारण्याचे भान दगडी बांधकामाच्या आत्मविश्वासात हरपले होते, असे म्हणणे फारसे अन्यायाचे होणार नाही.

लाकडी वाट परत आली ती विसाव्या शतकात, आणि तीही दळणवळणासाठी नव्हे. दक्षिण जर्मनीतले फेडरसे हे सरोवर शेतजमीन मिळवण्यासाठी पाणी काढून आकुंचित केले गेले होते, त्यामुळे बाड बुखाऊ हे काठावरचे शहर पाण्यापासून दूर पडले आणि मध्ये बोरूचे रान माजले. त्या रानातून सरोवरापर्यंत जाणारी सुमारे दीड किलोमीटरची फळ्यांची वाट आज पक्षी पाहणाऱ्यांची आहे. रापर्सविल-हुर्डेन येथेही २००१ मध्ये जुन्या मार्गाच्या जवळून ८४१ मीटर लांबीचा आणि २.४ मीटर रुंदीचा ओकच्या खांबांवरचा पादचारी पूल खुला झाला. त्याला कठडे आहेत आणि फळ्या पक्क्या बसवलेल्या आहेत.

दरम्यान काठाच्या मालकीचा प्रश्न अनिर्णितच राहिला आहे. स्विस कायद्यानुसार सरोवराचे पाणी सार्वजनिक, आणि १९७९ चा भूनियोजन कायदा सरोवरांचे व नद्यांचे काठ मोकळे ठेवून लोकांना तिथे जाणे-फिरणे सुलभ करावे असे सांगतो. परंतु झुरिक सरोवराच्या काठाचा मोठा भाग हा शासनाच्या परवान्याने भराव घालून मिळवलेली खासगी जमीन आहे, आणि मालक तिच्यावरून रस्ता जाऊ देण्यास राजी नसतात. २०५० पर्यंत सबंध काठाने सलग पायवाट व्हावी ही मागणी झुरिक प्रांताच्या मतदारांपुढे ३ मार्च २०२४ रोजी आली तेव्हा जवळपास ६४ टक्के मते विरोधात पडली. खर्च आणि मालमत्तेचा हक्क हे विरोधाचे मुख्य मुद्दे होते. बंगल्यांच्या आवाराला हात न लावता पाण्यावरून फळ्यांची वाट काढणे हा अशा ठिकाणी सुचणारा पर्याय, पण उथळ पाण्यातली बोरूची बेटे ही पक्ष्यांच्या विणीची आणि माशांच्या अंड्यांची जागा असल्याने निसर्गरक्षक त्याला हरकत घेतात. त्यात आणखी एक अडचण आहे. आल्प्सभोवतालच्या खांबवस्त्यांपैकी सहा देशांतल्या १११ जागा युनेस्कोने २०११ मध्ये जागतिक वारशात घेतल्या, आणि त्यांतल्या कित्येक नेमक्या याच उथळ पट्ट्यात आहेत. तिथे नवा खांब रोवायचा तर आधी पाणबुडे पुरातत्त्वज्ञ तळ तपासतात, जुन्या खुंटांचा नकाशा काढतात आणि नव्या वाटेची वळणे त्या नकाशाप्रमाणे ठरवावी लागतात.